विश्लेषण : बालगंधर्वांची ‘स्त्री’ शहराने डोक्यावर घेतली, मग रंगमंचावर आलेली खरी स्त्री का खटकली?

कोपर किंवा डोंबिवलीहून नाटकाला निघालेल्या प्रेक्षकासमोर जवळचे तीन पर्याय असतात. डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर आणि ठाण्याचे राम गणेश गडकरी रंगायतन. ठाण्यातील रंगायतन ज्या गडकऱ्यांच्या नावाने उभे आहे, त्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकातील सिंधू ही मराठी रंगभूमीची सर्वांत गाजलेली नायिका. पण १९१९ मध्ये ही सिंधू पहिल्यांदा रंगमंचावर आली, तेव्हा ती साकारणारी व्यक्ती पुरुष होती. नाव नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व.

स्त्रीवादी कला, क्विअर कला, शहराच्या राजकारणात कलावंताचे स्थान या विषयांवर आज बरीच चर्चा होते. ही चर्चा परदेशातून आयात झालेली आहे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात पुण्या-मुंबईने शंभर वर्षांपूर्वीच तिचा एक मोठा अध्याय अनुभवला आहे. बालगंधर्वांचे आयुष्य त्या दृष्टीने पाहिले, तर एक अवघड प्रश्न समोर येतो. सार्वजनिक जागेत स्त्री म्हणून वावरण्याचा अधिकार नेमका कोणाला होता?

नारायण राजहंस ‘बालगंधर्व’ कसे झाले?

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. सांगली जिल्ह्यातील नागठाणे हे त्यांचे गाव. लहानपणापासून गोड गळ्याची देणगी होती. दहा वर्षांचे असताना, १८९८ मध्ये पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्यांचे गाणे ऐकले आणि त्यांना बालगंधर्व हे नाव मिळाले, असे सांगितले जाते. पुढे हेच नाव जन्मनावापेक्षा मोठे झाले.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी या मुलाकडे लक्ष दिले. नारायणरावांच्या कानाला त्रास होता. त्यावर मिरजेच्या मिशन रुग्णालयात उपचार व्हावेत, यासाठी महाराजांनी पुढाकार घेतला. १९०५ मध्ये नारायणराव किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि मिरजेतच ‘शाकुंतल’ नाटकात शकुंतलेच्या वेषात प्रेक्षकांसमोर आले.

त्या वेळी ही मंडळी अडचणीत होती. स्त्रीभूमिका गाजवणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले होते आणि त्यांची जागा रिकामी होती. सतरा वर्षांच्या नारायणरावांनी ती भरून काढली.

स्त्रीभूमिका पुरुषच का करत असत?

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ उभे केले. या काळात ‘घरंदाज’ समजल्या जाणाऱ्या घरातील स्त्रीने लोकांसमोर गाणे किंवा अभिनय करणे ही कल्पनाच समाजाला मान्य नव्हती. गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रिया होत्या, पण त्या कलावंतीण, नायकीण, तमाशातल्या स्त्रिया अशा नावांनी ओळखल्या जात. त्यांची कला लोकांना हवी होती. त्यांना प्रतिष्ठा द्यायला मात्र कोणी तयार नव्हते.

संगीत नाटकाला मध्यमवर्गीय घरांत मान मिळवायचा होता. त्यामुळे एक तडजोड निघाली. नायिका रंगमंचावर येईल, पण ती पुरुष असेल. म्हणजे नाटक लिहिणारा पुरुष, बसवणारा पुरुष, स्त्री होणाराही पुरुष. आदर्श स्त्री कशी असावी, हे ठरवताना खऱ्या स्त्रीला विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

याला अपवाद होते, हेही सांगायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेळगावसारख्या ठिकाणी फक्त स्त्रियांच्या संगीत नाटक मंडळ्या उभ्या राहिल्या होत्या. तिथे उलटा प्रकार होता. पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करत. हिराबाई पेडणेकर यांनी नाटके लिहिली आणि त्यांचे ‘संगीत दामिनी’ हे नाटक ललितकलादर्श या नामांकित मंडळीने रंगमंचावर आणले. मात्र मराठी रंगभूमीच्या नेहमीच्या इतिहासात या स्त्रियांना फार कमी जागा मिळाली.

बालगंधर्वांनी वेगळे काय केले?

स्त्रीवेष घेणारे नट पूर्वीही होते. बालगंधर्वांनी मात्र नकलेच्या पुढे मजल मारली. पदर कसा सावरायचा, मान किती वळवायची, नजर कुठे ठेवायची, बोलताना किती थांबायचे, या सगळ्याचा त्यांनी बारकाईने विचार केला. त्यांची भामिनी मानी होती, रुक्मिणी ठाम होती, सिंधू सोशिक होती. या तिघींचे चालणे-बोलणेही वेगवेगळे होते.

गायनात त्यांना भास्करबुवा बखले यांचे मार्गदर्शन मिळाले. १९१६ मध्ये आलेल्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली भास्करबुवांच्याच. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष असे कलावंत असत. नाटकाच्या तिकिटात लोक जणू मैफलच ऐकून येत.

याचा परिणाम नाट्यगृहाबाहेरही दिसू लागला. मध्यमवर्गीय स्त्रिया मोठ्या संख्येने नाटकाला येऊ लागल्या. बालगंधर्वांचे लुगडे, दागिने, केशरचना पाहून घरी तशी वेशभूषा करण्याची लाट आली. स्त्रीने कसे दिसावे, याचा धडा शहरातील स्त्रिया एका पुरुषाकडून घेत होत्या. नाटकांमुळे शालू, पैठण्या, नथ, गजरा यांची फॅशन ठरू लागली. आज एखाद्या अभिनेत्रीची साडी समाजमाध्यमांवर गाजते, तसाच हा प्रकार होता. फरक इतकाच, की ती अभिनेत्री पुरुष होती.

कलेवरच्या या निष्ठेची किंमतही मोठी होती. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी दगावली. प्रयोग रद्द झाला नाही. घरी मुलीचा मृत्यू झालेला असताना ते भामिनी म्हणून उभे राहिले. या प्रसंगाचे कौतुक पुढे वर्षानुवर्षे होत राहिले. घरी असलेल्या तिच्या आईच्या, लक्ष्मीबाईंच्या दुःखाबद्दल मात्र फारसे कोणी लिहिले नाही.

नाटकात राजकारण कुठून आले?

बालगंधर्वांची अनेक गाजलेली नाटके कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांची होती. खाडिलकर ‘केसरी’तले टिळकांचे सहकारी. पुढे १९२३ मध्ये त्यांनी ‘नवाकाळ’ सुरू केला. नाटक हे त्यांच्यासाठी राजकारणाचेच साधन होते.

त्यांच्या ‘कीचकवध’ नाटकात द्रौपदीची विटंबना होते आणि भीम कीचकाला मारतो. प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन पाहिला आणि द्रौपदीच्या जागी हिंदुस्थान. ब्रिटिश सरकारलाही हा अर्थ कळला. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. सरकारच्या हाती १८७६ पासून नाटकांवर नियंत्रण ठेवणारा कायदा होताच.

देशाला स्त्रीचे रूप देणे आणि तिच्या अपमानाचा सूड घेण्याचे आवाहन करणे, ही त्या काळच्या राजकारणाची भाषा होती. ती स्त्रीही रंगमंचावर पुरुषच उभा करत होता. म्हणजे देशासाठी स्त्रीची प्रतिमा हवी होती, सभेत आणि मंचावर प्रत्यक्ष स्त्रीची उपस्थिती मात्र अजून सवयीची झाली नव्हती.

‘कीचकवध’वरील बंदीनंतर खाडिलकरांनी ‘मानापमान’ लिहिले. वरवर ते प्रेमाचे नाटक. श्रीमंत घरातील भामिनी गरिबीमुळे धैर्यधर या शूर सेनापतीला नाकारते. पैसेवाला लक्ष्मीधर मात्र संकट येताच भेकड ठरतो. शेवटी भामिनीला शौर्याची किंमत कळते. धनापेक्षा पराक्रम मोठा, हा संदेश परक्या सत्तेखाली असलेल्या प्रेक्षकाला वेगळा समजावून सांगावा लागत नव्हता.

१९२१ चा ‘संयुक्त मानापमान’ काय होता?

१९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. तिच्यासमोर तोलामोलाची होती केशवराव भोसले यांची ललितकलादर्श मंडळी. दोन्ही मंडळ्यांचे चाहते एकमेकांशी वाद घालत. आजच्या भाषेत सांगायचे तर दोन मोठ्या कलाकारांचे ‘फॅन क्लब’ होते.

टिळकांचे १ ऑगस्ट १९२० रोजी निधन झाले. त्यांच्या नावाने महात्मा गांधींनी टिळक स्वराज्य फंड उभारला आणि एक कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवले. मुंबईत घरोघरी वर्गणी गोळा होत होती. स्त्रिया अंगावरचे दागिने काढून देत होत्या. अशा वातावरणात ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये दोन्ही मंडळ्या एकत्र आल्या. केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. प्रयोगाचे उत्पन्न या फंडासाठी होते.

एरवी एकमेकांचे स्पर्धक असलेले दोन नट एका मंचावर गाणार, याचे आकर्षण प्रचंड होते. मराठी रंगभूमीच्या इतिहासात हा प्रयोग ‘संयुक्त मानापमान’ म्हणून कायमचा नोंदला गेला. त्याच काळात दोघांचा ‘संयुक्त सौभद्र’ही झाला. मात्र ही जोडी पुढे टिकायची नव्हती. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव भोसले यांचे निधन झाले. ते अवघे ३१ वर्षांचे होते.

या घटनेकडे आज पाहताना तीन गोष्टी एकत्र ठेवायला हव्यात. पहिली, स्वराज्याच्या फंडासाठी खऱ्या स्त्रिया घरातले दागिने देत होत्या. दुसरी, त्याच फंडासाठी दागिने घालून मंचावर स्त्री म्हणून उभा होता तो पुरुष. तिसरी, त्याच वर्षी मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाने ठरावीक मालमत्तेची अट ठेवून स्त्रियांना मताधिकार देण्याचा निर्णय घेतला. म्हणजे स्त्री मतदार होऊ शकत होती, देणगीदार होऊ शकत होती. पण नामांकित मंडळीच्या नाटकात तिची स्वतःची भूमिका करायला तिला अजून मज्जाव होता.

यात आणखी एक विसंगती होती. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईतील परळ येथे विदेशी कापडाची मोठी होळी झाली. शहर खादीकडे वळत होते. बालगंधर्वांच्या नाटकांत मात्र उंची वस्त्रे, गालिचे, अत्तराचा सुगंध असा थाट असे. त्या थाटाने प्रेक्षक दिपून जात. त्याच थाटाने मंडळीवर कर्जाचा डोंगरही उभा केला. दिवाळखोरी जाहीर करून मोकळे होण्याचा मार्ग उपलब्ध होता. बालगंधर्वांनी तो नाकारला आणि प्रयोग करत वर्षानुवर्षे कर्ज फेडले.

याला ‘क्विअर’ म्हणता येईल का?

इथे सावध राहायला हवे. बालगंधर्व विवाहित होते, संसारी होते. त्यांच्या खासगी आयुष्यावर आजची ओळख चिकटवण्यास आधार नाही. पण त्यांच्या कलेबद्दल हा प्रश्न विचारता येतो.

जन्माने मिळालेले शरीर एक आणि समाजाने शिकवलेले ‘बाईपण’ किंवा ‘पुरुषपण’ वेगळे. या दुसऱ्या गोष्टीला अभ्यासक लिंगभाव म्हणतात. चालणे, बोलणे, लाजणे, पदर सावरणे हे जन्मजात नसून शिकून, सराव करून अंगवळणी पडते, असे हा विचार सांगतो. बालगंधर्वांनी हे सिद्धांत म्हणून कधी मांडले नाही. पण हजारो प्रेक्षकांसमोर रोज रात्री त्यांनी ते करून दाखवले. पुरुष इतका अस्सल बाईपणा शिकू शकत असेल, तर स्त्रियाही तो शिकतच असणार, हे त्यातून उघड होत होते.

समाजाने मात्र हा अर्थ घेतला नाही. त्याने रंगमंच आणि रस्ता यांच्यात भिंत घातली. मंचावर स्त्रीवेष घेतलेला पुरुष कलावंत ठरला. रस्त्यावर तसाच वेष घेणारी व्यक्ती गुन्हेगार ठरू शकत होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या एका भागात उत्तर हिंदुस्थानातील काही प्रांतांत हिजड्यांची नोंदणी सक्तीची करण्यात आली. नोंदणी झालेल्या व्यक्तीने स्त्रीवेषात सार्वजनिक ठिकाणी दिसणे, नाचणे-गाणे यासाठी शिक्षेची तरतूद होती. हा भाग मुंबईला लागू नव्हता. पण त्या काळच्या सत्तेची दृष्टी त्यातून कळते. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ मात्र सर्वत्र लागू होते.

म्हणजे एकच कृती दोन ठिकाणी दोन अर्थ घेत होती. नाट्यगृहात तिला टाळ्या मिळत, दाराबाहेर तिला शिक्षा किंवा हेटाळणी. कलावंताची जात, वर्ग, मंडळीची प्रतिष्ठा यावर हा अर्थ ठरत होता.

स्त्रिया रंगमंचावर कधी आल्या?

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत चित्र बदलू लागले. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई गोखले यांनी काम केले. कमलाबाईंनी नाटकांतही भूमिका केल्या आणि त्यांत पुरुषपात्रेही होती. किराणा घराण्याच्या गायिका हिराबाई बडोदेकर यांनी १९२९ च्या सुमारास भावंडांसह स्वतःची नाटक मंडळी काढली. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करत.

१ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने मुंबईत ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले. त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या. मध्यमवर्गीय मराठी रंगभूमीवर हा मोठा बदल होता.

बालगंधर्व याच काळात स्वतःच्या कलेच्या शिखरावरून खाली येत होते. १९३१ मध्ये त्यांनी ‘कान्होपात्रा’ केले. मंगळवेढ्याची कान्होपात्रा ही गणिकेची मुलगी. राजाच्या जबरदस्तीपुढे न झुकता विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवणारी संत. बालगंधर्वांच्या कान्होपात्रेने प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणले. पण कान्होपात्रेच्याच समाजातून आलेली एखादी गायिका हीच भूमिका करायला मंचावर आली असती, तर प्रेक्षकांनी तिला याच भक्तिभावाने पाहिले असते का? या प्रश्नाचे उत्तर काही वर्षांतच मिळणार होते.

बोलपटाने काय बदलले?

बोलपट आल्यावर नाटक मंडळ्यांचा प्रेक्षक आटू लागला. बालगंधर्वही चित्रपटाकडे वळले. व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली प्रभात कंपनीने १९३५ मध्ये संत एकनाथांवर चित्रपट काढला. त्यात बालगंधर्व एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या भूमिकेत होते. अस्पृश्यतेविरुद्ध उभ्या राहणाऱ्या संताची ही कथा. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. त्यातून गांधीजींची आठवण होते म्हणून सेन्सॉरने आक्षेप घेतला आणि नाव ‘धर्मात्मा’ करावे लागले.

बालगंधर्वांना मात्र कॅमेऱ्यासमोर रमता आले नाही. समोर प्रेक्षक नाही, दाद नाही, तुकड्यातुकड्याने काम. पुढे ‘साध्वी मीराबाई’ चित्रपटात ते पुन्हा स्त्रीवेषात दिसले. तोही चालला नाही. रंगमंचावर दिव्यांच्या प्रकाशात आणि दूरच्या खुर्चीवरून जो भास उभा राहत असे, तो जवळून पाहणाऱ्या कॅमेऱ्यासमोर टिकत नव्हता. शिवाय पडद्यावर आता खऱ्या नायिका होत्या. वयाची पन्नाशी जवळ आलेल्या पुरुषाला नायिका म्हणून पाहण्याची सवय नव्या प्रेक्षकाला नव्हती.

गोहरबाईंवर रोष का झाला?

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात गोहरबाई कर्नाटकी बालगंधर्वांच्या नाटकांत आल्या. त्या उत्तर कर्नाटकातील विजापूर भागाच्या. ‘किस्मत’ चित्रपटातील गाण्यांनी गाजलेल्या अमीरबाई कर्नाटकी या त्यांच्या भगिनी. गोहरबाईंनी बालगंधर्वांची गायकी आत्मसात केली होती. बालगंधर्वांनी गाजवलेल्या स्त्रीभूमिका त्या करू लागल्या.

वास्तविक हा स्वाभाविक बदल होता. स्त्रीची भूमिका स्त्री करत होती आणि तीही त्याच शैलीत गाणारी. पण मंडळीत तेढ निर्माण झाली. जुने सहकारी आणि जवळचे लोक दुरावले. प्रेक्षकांच्या मोठ्या वर्गालाही हे रुचले नाही. १९४० मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. पुढे १९५१ मध्ये बालगंधर्व आणि गोहरबाई यांनी विवाह केला. तेव्हा रोष आणखी वाढला. मुसलमान स्त्री, गाणाऱ्या घराण्यातील, शिवाय देवासमान मानलेल्या नटाच्या आयुष्यात आलेली. इतकी कारणे एकत्र आल्यावर मंडळीच्या अपयशाचे खापरही तिच्यावर फोडणे सोपे झाले.

खरे तर मंडळी कर्जात होती ती गोहरबाई येण्याच्या कितीतरी आधीपासून. बोलपटाने प्रेक्षक नेला होता, खर्चिक थाट परवडत नव्हता, नटाचे वय झाले होते. या तिन्ही कारणांशी गोहरबाईंचा संबंध नव्हता. तरी बालगंधर्वांच्या उतरत्या काळाची कहाणी सांगताना अनेकदा बोट त्यांच्याकडेच गेले.

एक पुरुष उत्तम स्त्री होऊ शकतो, याचा आनंद शहराने तीन दशके लुटला. त्या पुरुषाने घडवलेली चौकट मोडून एक स्त्री त्याच जागी उभी राहिली, तेव्हा मात्र शहराला अस्सलपणा नको होता. त्याला ओळखीचा भासच हवा होता.

अखेरची वर्षे कशी गेली?

मानसन्मान उशिरा का होईना, मिळाले. १९४४ मध्ये मुंबईत झालेल्या नाट्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९५५ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. पण हातात पैसा राहिला नव्हता आणि पायांतले बळ गेले होते. ज्यांच्या चालण्याची शहराने नक्कल केली, त्यांनाच चालता येत नव्हते. या काळात गोहरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. १९६४ मध्ये गोहरबाई गेल्या. त्यानंतर तीन वर्षांनी, १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात बालगंधर्वांचे निधन झाले.

पुणे महापालिकेने त्यांच्या नावाने नाट्यगृह बांधायला घेतले होते. त्याचे भूमिपूजन ८ ऑक्टोबर १९६२ रोजी खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झाले. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी त्याचे उद्घाटन झाले. ते पाहायला ते हयात नव्हते. गोहरबाईंच्या नावाने महाराष्ट्रात असे काही उभे राहिल्याचे दिसत नाही.

आज या आयुष्याचा अर्थ काय?

बालगंधर्वांनंतर मराठी शहरांत स्त्रियांनी केवळ रंगमंचच नाही, तर रस्ताही आपला केला. १९७२ मध्ये महागाईविरोधात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईत महिला लाटणे आणि थाळ्या घेऊन उतरल्या. स्वयंपाकघरातील वस्तू मोर्चात आणणे हेही एक सादरीकरणच होते. फक्त या वेळी ते करणाऱ्या स्त्रिया होत्या आणि मागणी त्यांची स्वतःची होती. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ हे नाटक वस्त्यावस्त्यांत नेले. सिंधूसारखी सोसणारी स्त्री आदर्श का मानायची, असा प्रश्न आता स्त्रियाच विचारू लागल्या.

लिंगभावाचा दुसरा धागाही पुढे आला. ऑगस्ट २००८ मध्ये मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानातून क्विअर आझादी मोर्चा निघाला. बालगंधर्वांच्या काळातील नाट्यगृहांचा ग्रँट रोड परिसर तिथून हाकेच्या अंतरावर. जे शंभर वर्षांपूर्वी तिकीट काढून चार भिंतींत पाहिले जात होते, ते आता दिवसाढवळ्या रस्त्यावर हक्क म्हणून मागितले जात होते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. त्या प्रकरणात ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनीही बाजू मांडली होती. त्या स्वतः भरतनाट्यम शिकलेल्या नर्तिका आहेत. ६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या समलैंगिक संबंधांना कलम ३७७ मधून मुक्त केले.

ठाण्यापासून कोपर, डोंबिवली, कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात हा प्रश्न आजही संपलेला नाही. लोकलच्या डब्यात टाळी वाजवत येणाऱ्या व्यक्तीकडे पाहण्याची नजर आणि टीव्हीवर साडी नेसून विनोद करणाऱ्या पुरुष कलाकाराकडे पाहण्याची नजर, यांत तोच जुना फरक आहे. एकीकडे करमणूक म्हणून स्वीकार, दुसरीकडे जगणे म्हणून नकार.

बालगंधर्वांचे मोठेपण त्यांच्या सुरांत आणि अभिनयात आहे. ते कोणीही कमी करू शकत नाही. पण त्यांचे चरित्र पूर्ण वाचायचे, तर भामिनीच्या शालूबरोबर त्या रात्री घरी एकट्या राहिलेल्या लक्ष्मीबाईही आठवाव्या लागतात आणि अखेरपर्यंत शुश्रूषा करूनही दोषी ठरलेल्या गोहरबाईही. गडकरी रंगायतनात पुढच्या वेळी सिंधूची भूमिका एखादी तरुण अभिनेत्री करत असेल, तेव्हा ती जागा तिला सहज मिळालेली नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.